पुण्याच्या पेठांची नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नव्याने राहायला आलेले, पाहुणे म्हणून आलेले आणि कधी कधी तीन पिढ्या पेठेत काढलेले लोकही हे प्रश्न विचारतात. सगळ्या पेठांना इथे सारखी जागा मिळालेली नाही. काही पेठांबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, काहींचं दोन ओळींत आटोपतं.

पेठ म्हणजे नक्की काय? बाजार की वस्ती?

दोन्ही. पेशवाईत नवी पेठ वसवायची म्हणजे आधी व्यापारी आणायचे. मोकळ्या जागेत दुकान थाटायला कुणी सहजासहजी तयार होत नसे, म्हणून सरकार कौल द्यायचं. इतकी वर्षं अमुक कर माफ, घर बांधायला जागा, वर अभय. पेठ वसवण्याची जबाबदारी एखाद्या शेट्यावर, महाजनावर किंवा सरदारावर टाकली जायची आणि त्या बदल्यात त्याला पेठेत मानपान आणि काही हक्क मिळायचे. दुकानांमागे कारागीर आले, कारागिरांमागे भिक्षुक, कारकून, शिपाई आले. शहर असं तुकड्यातुकड्यांनी वाढलं. आज नकाशावर या तुकड्यांच्या सीमा सलग दिसतात, पण प्रत्येक तुकडा वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाने वसवलेला आहे.

सगळ्यात जुनी पेठ कोणती?

कसबा, आणि त्यावर वाद नाही. बाकीच्या पेठा वसण्याआधी पुणे म्हणजेच ‘कसबे पुणे’, मुठेच्या काठावरचं एक मध्यम गाव. गावाचं नाव त्याहून कितीतरी जुनं आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’, ‘पूनक विषय’ असे उल्लेख येतात. विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत किंवा परगणा.

सतराव्या शतकात हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. १६३० च्या सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने ते उद्ध्वस्त केलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे राहायला आल्यावर सोन्याचा नांगर फिरवल्याची गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक मुलाला शाळेत सांगितली जाते. कसबा गणपती आणि लालमहाल याच पेठेतले. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्तेखानाची बोटं तुटली ती लालमहालात. आज दिसते ती इमारत मात्र अलीकडच्या काळात नव्याने बांधलेली आहे. आत जाऊन ‘महाराज याच खिडकीतून आले का’ असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

कसब्यात वाराचं नाव नाही, सरदाराचंही नाही. तिथे गल्ल्यांना नावं आहेत ती कामाची : तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कागदीपुरा. कागदीपुऱ्यातला कागद केव्हाच संपला. तांबट आळीत अजून काही घरांतून हातोड्यांचा ठोका ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर एकासारखे एक ठोके मारत जायचं, म्हणजे पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला ती ओळखीची खवलेदार चकाकी येते. याला मठारकाम म्हणतात. पूर्वी घरोघरीचे बंब आणि हंडे इथून जायचे, आता पाण्याचे जग आणि शोभेच्या वस्तू जातात.

वारांची नावं का? त्या त्या वारी तिथे बाजार भरायचा का?

रिक्षावाल्यापासून शाळेतल्या सरांपर्यंत सगळे हेच उत्तर देतात. ते पूर्ण टाकून द्यावं असं नाही, पण त्यावर फार भिस्तही ठेवू नये. पेठेत कायमची दुकानं असत. आठवडी बाजारासाठी एवढा कौलाचा खटाटोप कुणी करत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच पेठा आधीपासून होत्या आणि त्यांना वेगळी नावं होती. वारांची नावं पेशवाईत, मुख्यतः अठराव्या शतकात, त्या जुन्या नावांवर चढवली गेली. एकदा शनिवार, रविवार असे दोन-चार वार लावले की उरलेल्या पेठांना उरलेले वार लावणं हे दफ्तरातल्या कारकुनासाठी सगळ्यात सोयीचं. सात वार सात पेठांना पुरले. पुढच्या पेठांसाठी माणसांची आणि देवांची नावं घ्यावी लागली.

मग जुनी नावं कोणती होती?

शनिवार पेठ ही मुर्तजाबाद, रविवार मलकापूर, सोमवार शहापुरा, मंगळवार अष्टापुरा, बुधवार मुहियाबाद, शुक्रवार विसापूर. गुरुवार पेठेला तिथल्या वेताळाच्या देवळावरून वेताळ पेठ म्हणत, आणि हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी बराच काळ टिकलं. सदाशिव पेठेच्या जागी नायगाव नावाची वस्ती होती. भवानी पेठेत बोरींचं रान होतं, म्हणून बोरबन. नाना पेठ ही हनुमान पेठ आणि रास्ता पेठ ही शिवपुरी.

ही यादी नुसती वाचली तरी कळतं की इथे राज्य बदललं की पाटी बदलायची. निजामशाही, आदिलशाही, मुघल आणि पेशवे, प्रत्येकाने आपापल्या परीने नाव ठेवलं.

औरंगजेबाने पुण्याचं नाव बदललं होतं हे खरं का?

हो. १७०३ मध्ये औरंगजेबाची छावणी पुण्यात होती. त्या मुक्कामात त्याचा नातू मुहि-उल-मिलत वारला आणि त्याच्या स्मरणार्थ मुहियाबाद हे नाव दिलं गेलं. बुधवार पेठेच्या वस्तीला ते चिकटलं. बादशहा १७०७ मध्ये गेला, त्याच्यामागे काही वर्षांत नावही गेलं. थोरल्या माधवरावांच्या काळात ही पेठ पुन्हा नीट वसवली गेली आणि बुधवार झाली.

शनिवारवाड्यावरून शनिवार पेठ, की पेठेवरून वाडा?

वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही दिवस शनिवार होते. कुणी हौसेने आजच्या कॅलेंडरने मागे मोजत गेलं तर वार जुळत नाही, कारण या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत. त्या पद्धतीने मोजलं की शनिवारच येतो. वाडा मात्र मोकळ्या माळावर उभा राहिलेला नाही. मुर्तजाबादची वस्ती तिथे आधीपासून होती. वाड्याला वाराचं नाव पडलं आणि वाड्याच्या वजनाने पेठेचं नाव पक्कं झालं, असं मानणं मला पटतं.

बाजीरावांनी मुक्काम सासवडहून पुण्यात हलवला, आणि पेठांचा सगळा इतिहास तिथून वेग घेतो. दरबार आला की सावकार येतो, सराफ येतो, हलवाई येतो. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या, उरली ती तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि कारंज्यांचे चौथरे.

माणसांची नावं असलेल्या पेठा कोणाच्या?

सदाशिव पेठ पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची. नारायण पेठ नारायणराव पेशव्यांची, ज्यांचा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला. म्हणजे पुण्याच्या या दोन सगळ्यात ‘सोवळ्या’ समजल्या जाणाऱ्या पेठा अकाली मेलेल्या दोन तरुणांच्या नावाने ओळखल्या जातात. नाना पेठ नाना फडणवीसांनी वसवली. रास्ता पेठ आनंदराव रास्त्यांची. हे घराणं म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. रास्त्यांचा वाडा त्याच पेठेत. बाहेरगावच्या लोकांना वाटतं की तिथून मोठा रस्ता जातो म्हणून ‘रस्ता पेठ’. तसं नाही, ते आडनाव आहे. घोरपडे पेठही अशीच, सरदार घोरपड्यांची.

ज्यांनी सगळ्यात जास्त काम केलं त्यांच्या नावाची पेठ मात्र नाही. जिवाजीपंत खासगीवाल्यांनी शुक्रवारसह एकाहून जास्त पेठा वसवल्या. त्यांचं नाव आज पेठेच्या इतिहासात रमणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

भवानी, गणेश, गंज, नवी या पेठांचं काय?

भवानी पेठ भवानीमातेच्या देवळावरून. गणेश पेठ गणपतीच्या नावाची. गंज म्हणजे घाऊक बाजार. गंज पेठेत मिठाचा व्यापार चालायचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं घर याच पेठेत, म्हणून तिचं अधिकृत नाव आता महात्मा फुले पेठ आहे. नवी पेठ नावाप्रमाणे नंतरची.

सदाशिव-नारायण पेठांच्या जागी ओढा होता म्हणतात?

होता. आंबील ओढा एके काळी आजच्या दाट वस्तीतून वाहत मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधलं आणि ओढ्याचा प्रवाह बाहेरून वळवला. तळ्याच्या त्या जागी आज सारसबाग आहे. पश्चिमेकडची जमीन मोकळी झाली म्हणून तिथे पेठा वाढू शकल्या. त्याच काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी आणि विटांच्या नळातून पाणी शहरात आणलं आणि ठिकठिकाणी हौद बांधले. फडके हौद, काळा हौद, नाना हौद ही नावं त्यातूनच उरली आहेत. हौदात पाणी नाही, बऱ्याच ठिकाणी हौदही दिसत नाही, तरी ‘फडके हौदापाशी उतरवा’ म्हटलं की कुणालाही कळतं.

पूर्वेकडे नागझरीचा ओढा कसब्याची हद्द राखून होता. त्याच्या पलीकडच्या सोमवार पेठेत गोसाव्यांची सावकारी चालायची. त्रिशुंड गणपतीचं दगडी देऊळ त्यांच्या पैशातून उभं राहिलं. दर्शनी भिंतीवरचं कोरीव काम पाहायला तिथे मुद्दाम जावं. पुण्यात पेशवाईतलं असं दुसरं देऊळ नाही.

देवांना अशी चमत्कारिक नावं का? जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. पेठांची नावं सरकारने ठेवली, देवांची लोकांनी. एका गावात मारुतीची पन्नास देवळं असली की नुसतं ‘मारुती’ म्हणून भागत नाही, पत्ता म्हणून काहीतरी विशेषण जोडावं लागतं. मग शेजारी जे असेल ते विशेषण. मिठाईवाल्यांच्या शेजारचा जिलब्या, जिथे उंटांचे तळ पडायचे तो उंटाड्या, पत्र्याच्या छपराखालचा पत्र्या.

बटाट्या मारुतीकडे जरा थांबून बघा. शनिवारवाड्याच्या मैदानाशी बटाट्याचं काय नातं? मंडई बांधली जाण्याआधी पुण्याचा भाजीबाजार याच मैदानात भरायचा. बाजार १८८६ नंतर शुक्रवार पेठेत गेला, बटाटेवाले उठले, मारुती तिथेच राहिला. त्या बाजाराची मैदानावर उरलेली एवढीच खूण. बुधवारातला पासोड्या विठोबा हा तसाच : तिथे पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणं, विकायला बसत. आज त्या गल्लीत विजेचं सामान मिळतं, पासोडी मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघेल.

काही नावांमागे गोष्ट आहे. गणेश पेठेतला डुल्या मारुती पानिपतच्या वेळी डोलला म्हणे. सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर १७९७ चा, गद्रे सावकारांनी बांधलेला. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी पहाऱ्यावरचे अरब आणि पलटणीचे शिपाई यांच्यात जुंपली आणि माणसं पडली, असं सांगतात; खुनाचा कलंक बिचाऱ्या देवाच्या नावावर गेला. नारायण पेठेतला मोदी गणपती हा ब्रिटिश रेसिडेंटच्या पदरी असलेल्या खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थाच्या बागेमुळे मोदी झाला. मोदकाशी त्याचा संबंध नाही. शिवाय उपाशी विठोबा, गुपचूप गणपती आणि सोट्या म्हसोबा आहेतच. प्रत्येकाच्या दोन-तीन कथा ऐकायला मिळतील, आणि सांगणारा आपलीच खरी म्हणेल.

तुळशीबागेत तुळशी कुठे आहेत?

होत्या. खासगीवाल्यांची तिथे बाग होती. नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे राममंदिर उभारलं आणि बागेवरून त्यांचंच आडनाव ‘तुळशीबागवाले’ झालं. म्हणजे माणसाने जागेला नाव देण्याऐवजी जागेने माणसाला नाव दिलं. देवळाला येणाऱ्या बायकांसाठी हळदी-कुंकू, बांगड्या आणि पितळी भातुकली विकणारे बसू लागले, आणि आजचा बाजार त्यातून वाढला. निम्मे लोक खरेदी करून निघून जातात, आत देऊळ आहे हे त्यांच्या गावीही नसतं. शेजारची बेलबाग नाना फडणवीसांची.

मंडईला महात्मा फुल्यांचं नाव कसं?

यात मोठी गंमत आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नव्या मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला. तोच पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. विरोध चालला नाही, इमारत १८८६ मध्ये उघडली आणि तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं : रे मार्केट. पुढे नगरपालिकेत आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिचं महात्मा फुले मंडई असं नामकरण झालं. ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव इमारतीवर आहे, आणि लोक फक्त ‘मंडई’ म्हणतात.

बुधवार पेठ म्हटलं की लोक हसतात, का?

कारण पेठेच्या एका भागात वेश्यावस्ती आहे आणि बाहेरच्यांना तेवढीच माहीत असते. याच पेठेत भिडे वाडा होता, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. तांबडी जोगेश्वरी आणि दगडूशेठ गणपती इथलेच. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडाही इथे होता. १८७९ च्या मे महिन्यात तो जाळला गेला. अप्पा बळवंत चौक हा अप्पा बळवंत मेहेंदळे या सरदाराच्या नावाचा. जून उजाडला की शाळेच्या याद्या हातात धरलेले आई-बाप तिथे एकेका पुस्तकांच्या दुकानापुढे चार-चार रांगांत उभे असतात आणि काउंटरवरचा मुलगा यादी न वाचता नुसती इयत्ता ऐकून गठ्ठा बांधतो. हसणाऱ्यांनी एकदा त्या गर्दीत उभं राहून बघावं.

जुने वाडे गेले कुठे?

काही कोर्टकज्ज्यात गेले, काही भाडेकरू आणि मालक यांच्या भांडणात, बरेचसे बिल्डरकडे. पण नदीकाठच्या पेठांमध्ये एका दिवसाने सगळ्यात जास्त नासधूस केली : १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि पुराचं पाणी गावात शिरलं. लाकडी सांगाड्यातल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. नंतर पूरग्रस्तांना लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत घरं मिळाली. पेठेतला माणूस पेठेबाहेर जाऊन राहतो ही कल्पना पुण्याला त्या पुराने अंगवळणी पाडली.

पेठेतला पत्ता कसा शोधायचा?

घराच्या नंबरावर विसंबू नका. नंबर पेठवार आहेत, रस्त्याप्रमाणे नाहीत, त्यामुळे ४१५ च्या शेजारी ४१६ असेलच असं नाही, आणि पाडून बांधलेल्या इमारतीत एकाच नंबराची वीस घरं असतात. पेठ, मग जवळचा देव किंवा हौद, मग बोळ, या क्रमाने विचारा. पिनकोडचे शेवटचे आकडेही लोक बोलण्यात वापरतात : सदाशिव, नारायण, शनिवार म्हणजे ‘पुणे ३०’, बुधवार-शुक्रवार म्हणजे ‘पुणे २’, कसबा आणि रास्ता ‘पुणे ११’. ‘मी शुक्रवारात राहतो’ किंवा ‘रविवारी शनिवारात जायचंय’ असं कुणी म्हणालं तर गोंधळू नका, पेठ शब्द गाळण्याची इथली पद्धतच आहे.

डेक्कन, शिवाजीनगर या पेठाच का?

नाहीत. ते नदीपलीकडचं. शिवाजीनगर म्हणजे पूर्वीचं भांबुर्डे गाव, आणि डेक्कन हे नाव १९०६ साली निघालेल्या डेक्कन जिमखाना क्लबचं. तिथली माणसं खरेदीला लक्ष्मी रोडला निघाली की अजूनही ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात.